तेराव्यानंतर कोण येतं?

विषय दिलाय ‘शोकात असलेल्या माणसाशी कसं बोलावं’, त्यावर मी येणार आहेच, पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेते, कारण इथे बसलेले सगळेच कधी ना कधी कुणाच्या तरी दहाव्याला जाऊन आलेत. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिले तेरा दिवस आपण माणसाला फार छान सांभाळतो आणि चौदाव्या दिवशी एकदम सोडून देतो.

तेरा दिवसांत काय होतं बघा ना. घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलंभात येतो, रात्री सोबतीला आत्या नाहीतर चुलतबहीण येऊन झोपते, भेटायला येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं हो?’ विचारतो आणि नवरा गेलेली बाई पहिल्यापासून सगळं सांगते, छातीत दुखलं, रिक्षा मिळेना, डॉक्टर काय म्हणाले. पुढचा माणूस आला की परत पहिल्यापासून. घरातली तरुण मुलं वैतागतात, आईला कशाला परत परत बोलायला लावताय म्हणून, पण अहो, बोलू द्या तिला, आमच्याकडे काउन्सेलिंगला आलेल्या माणसालाही आम्ही हेच करू देतो.

आणि कावळा! माझ्या मावशीच्या सासऱ्यांच्या दहाव्याला आम्ही सगळे नदीवर, पिंड ठेवलाय, झाडावर कावळेच कावळे पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. मग सुरू झालं, ‘त्यांचं काही राहिलं असेल, बोला रे कुणीतरी.’ थोरला म्हणाला, तात्या, जमीन विकणार नाही. कावळा ढिम्म. धाकटा म्हणाला, आईला मी नेतो माझ्याकडे. तरी नाही. शेवटी मोठी सून पुढे आली, हात जोडले आणि म्हणाली, ‘तात्या, शेवटी शेवटी मी तुमच्यावर फार चिडचिड केली, माफ करा मला.’ आणि दहा दिवसांत पहिल्यांदा ती रडली, सासूने तिला जवळ घेतलं. कावळा तरीही आला नाही हां! तो आला तात्यांच्या मित्राने पिंडाशेजारी कांदाभजी ठेवल्यावर. हसा, हसा, तिथेही सगळे हसले होते, सूनसुद्धा. कावळ्यावर तुमचा विश्वास असो नसो, पण मनात अडकलेलं चारचौघांत मोठ्याने बोलायची अशी जागा आपल्याकडे दुसरी कुठे आहे सांगा मला.

आता लगेच कुणी म्हणेल, म्हणजे सगळ्या रूढी चांगल्या का? अजिबात नाही. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, ही दुःखात असलेल्या बाईला केलेली मारहाणच आहे असं मी मानते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये हे बंद करायचा ठराव केला, तो प्रत्येक गावात व्हायला हवा. पण बांगड्या फोडणं थांबवा, पिठलंभात थांबवू नका. कोविडमध्ये ते सगळंच थांबलं होतं, चेहरा बघायला मिळाला नाही, दहाव्याला माणसं नाहीत, आणि त्या घरातली माणसं आजही येऊन म्हणतात की ते गेलेत हे अजून खरंच वाटत नाही.

तर चौदावा दिवस. पाहुणे गेले, मुलगा कामावर गेला, बँकेत वारसाचे कागद द्यायचेत, चहा सवयीने दोन कपच टाकला जातो. खरा एकटेपणा इथून सुरू होतो आणि नेमकं तेव्हाच कुणी फिरकत नाही, उलट ‘आता सावर’ म्हणतात.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत, तर भराभर सांगते. शोकाचे ते पाच टप्पे, नकार, राग वगैरे, सगळ्यांच्या मोबाईलवर येतात, ते एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नाहीये, त्यामुळे ‘तुला अजून राग कसा आला नाही’ असलं काही विचारू नका. स्ट्रोब आणि शूट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेलं मला जास्त पटतं, माणूस दुःखात जातो, बाहेर येतो, कामाला लागतो, परत आत जातो, आणि हे असंच चालतं. म्हणून सकाळी रडलेली बाई संध्याकाळी सिरीयल बघत असेल तर तिला नावं ठेवू नका.

गेलेल्या माणसाचं नाव घ्या, विषय टाळू नका. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, ती सांगणार नाही, थेट ‘गुरुवारी येते, बँकेत सोबत जाऊ’ म्हणा. लहान मुलांना ‘आजोबा झोपलेत’ सांगू नका, ती झोपायला घाबरतात, ‘वारले, आता परत येणार नाहीत’ असं सरळ सांगा.

आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं? जागतिक आरोग्य संघटनेने लांबलेल्या शोकाच्या आजारासाठी किमान सहा महिने धरलेत, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या यादीत मोठ्यांसाठी वर्ष आहे, म्हणजे तेव्हाही रोजचं जगणं ठप्पच असेल तर. पण जीव द्यायची भाषा आली तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दोन महिन्यांपूर्वी ज्यांच्याकडे भेटून आलात त्यांना आज फोन करा. प्रश्न असतील तर मी चहाच्या टेबलापाशी थांबते.