शेपटाला पाणी पोचलं का?

(तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मे महिन्यात, जळगाव जिल्ह्यात, नेटवर्कवरचं भाषण ऐकायला एवढी माणसं जमली म्हणजे आयोजकांनी कूलरची जाहिरात नीट केलेली दिसते. असो, बसा.

गेली वीसेक वर्षं मी एकच उद्योग करतोय. खान्देशातल्या पतसंस्था, जिनिंग, केळीचे व्यापारी यांच्या शाखा मुंबई-पुण्यातल्या सर्व्हरशी जोडून द्यायच्या. ही जोडणी टनेलनं होते. नाव बोगद्याचं असलं तरी खणायचं काही नसतं. रस्ता सार्वजनिक इंटरनेटचाच. आपलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, दुसऱ्या पॅकेटात घालायचं, कुलूपबंद करायचं, वर समोरच्या राउटरचा, म्हणजे पॅकेटांना वाट दाखवणाऱ्या डब्याचा, पत्ता टाकायचा. आता एकेका शाखेत असे दोन-तीन टनेल असतात. एक फायबरवरून, एक मोबाइलच्या सिमवरून, कुठे तिसरा दुसऱ्याच कंपनीच्या लाइनवरून. कुठलं पॅकेट कुठून धाडायचं, हे राउटरनं क्षणाक्षणाला ठरवायचं असतं. आणि ठरवायचं तर आधी मोजावं लागतं.

जळगावहून मुंबईला रेल्वेनं जायच्या दोन वाटा आहेत. एक मनमाड-नाशिकवरून, सुमारे 420 किलोमीटर. दुसरी अमळनेर-नंदुरबार-सुरतवरून, ती दीडशे किलोमीटरनं लांब. नकाशा बघणारा पहिलीच सांगेल. पण कसाऱ्याच्या घाटात दरड आलेली असेल, तर सुरतवरून गेलेला माणूस आधी पोचतो. इंटरनेटच्या जुन्या मार्गनिवडीचा स्वभाव नकाशावाल्यासारखा आहे. वाट किती टप्प्यांची, किती रुंद, एवढं ती बघते. आज त्या वाटेवर काय चाललंय, हे विचारत नाही.

विचारायचं म्हटलं तर तीन आकडे लागतात. पहिला लेटन्सी, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे त्या 420 किलोमीटरचं जाणं-येणं चार मिलिसेकंदांत व्हायला हवं. माझ्या राउटरवर पंचवीस-तीस दिसतात, कारण तार आगगाडीच्या रुळांसारखी जात नाही आणि मधल्या प्रत्येक राउटरवर रांग असते. दुसरा जिटर. अर्ध्या अर्ध्या तासाची एसटी दीड तास येत नाही आणि मग तीन गाड्या एकामागोमाग येतात, तसं. पॅकेटं पोचतात सगळी, पण फोनवरचा आवाज तुटतो. तिसरा लॉस, वाटेत हरवलेली पॅकेटं. बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.114 ही शिफारस सांगते. फाइल पाठवायला उशीर फारसा नडत नाही, लॉस नडतो. 40 मिलिसेकंदांच्या वाटेवर शंभरात एक पॅकेट हरवत असेल, तर जुन्या पद्धतीच्या टीसीपीची (हरवलेलं पॅकेट पुन्हा धाडणारी इंटरनेटची नेहमीची पद्धत) एक जोडणी साडेतीन एमबीपीएसच्या आसपास अडकते. लाइन शंभर एमबीपीएसची घेतलेली असली तरी! आणि हरवणं शंभरपट कमी केलं तर वेग दहापटच वाढतो. तिथे वर्गमूळ आहे. कंपनीचा माणूस शंभर एमबीपीएस सांगून जातो, वर्गमूळ कोणी सांगत नाही.

आता माझी फजिती सांगतो. एका पतसंस्थेच्या शाखेत मी दोन टनेल लावून दिले. राउटर दर सेकंदाला एक छोटं तपासणीचं पॅकेट सोडायचा आणि सलग सहा परत आली नाहीत की टनेल मेला असं धरून दुसऱ्यावर जायचा. महिनाभरात मॅनेजरचा फोन. ‘भाऊ, खातेदार काउंटरला हात टेकून उभे आहेत, स्क्रीन गोल गोल फिरतेय.’ मी घरून बघितलं तर टनेल हिरवा. मी म्हटलं, लाइन चालू आहे. ते म्हणाले, ‘तुमच्याकडे चालू असेल.’ आठवडाभर आमचं हेच चाललं. रस्त्याच्या कामात जेसीबीनं दुखावलेली फायबर कोणीतरी घाईत जोडली होती, आणि वीसात एक पॅकेट हरवत होतं. वीसात एक हरवताना सलग सहा हरवायची शक्यता दहा कोटींत एक-दोन. म्हणजे माझा राउटर वर्षभरही हिरवाच दिवा दाखवत बसला असता. मेलेला टनेल ओळखायची सोय मी केली होती, आजारी ओळखायची नव्हती.

मग शहाणा झालो आणि टक्केवारी मोजायला लागलो. पण सेकंदाला एक पॅकेट, म्हणजे मिनिटाला साठ. त्यातलं एक हरवलं की लॉस 1.67 टक्के. एक टक्का असा आकडा त्या मिनिटात दिसूच शकत नाही. नीट दिसायला दहा मिनिटं थांबा, सहाशे पॅकेटं जाऊ द्या. पण दहा मिनिटं थांबायचं तर खातेदार घरी जातो. तपासणी दहापट वाढवली, तर सिमचा डेटा तिच्यातच संपतो. यातून सुटका नाही, सौदा आहे. मी मोठ्या खिडकीनं, म्हणजे जास्त मिनिटांच्या हिशेबानं, लॉस बघतो आणि छोट्या खिडकीनं उशीर. उशीर लवकर बोलतो. रांग वाढायला लागली की पॅकेट हरवण्याआधीच तो चढतो.

दुसरी गोष्ट मला जास्त शिकवून गेली. साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी आमच्या मामांची शेती फडात होती. फड पद्धत म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यातून पाट काढायचा, फडाफडानं पाणी द्यायचं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाटकरी बंधाऱ्यापाशी उभं राहून पाणी सुटलं म्हणायचा नाही. तो शेवटच्या शेतापर्यंत चालत जायचा, आणि तिथला माणूस ओरडायचा, ‘पानी उनं, भो!’ तेव्हा कुठे हिशेब. शेपटाला जे पोचलं तेच पाणी.

मी मात्र टोकापर्यंत गेलो नव्हतो. एका व्यापाऱ्याच्या सावद्याच्या गोदामातून बिलं जायची, पण सोबत फोटो जोडला की अडकायचं. पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तराचा वेळ मोजायची चाचणी) झकास, लॉस शून्य. दोन दिवस मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. झालं होतं असं, की इथरनेटवर पॅकेट 1500 बाइटपर्यंतचं चालतं. टनेलचं वेष्टण साठ-ऐंशी बाइट खातं. बिल छोटं, बसायचं. फोटोची पॅकेटं काठोकाठ भरलेली, वर वेष्टण चढलं की मापाबाहेर. मधल्या राउटरनं ‘मोठं आहे, लहान करून पाठवा’ असा निरोप पाठवायचा असतो. तो निरोप वाटेतल्या कुठल्यातरी फायरवॉलनं, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्यानं, अडवला होता. आणि माझं तपासणीचं पॅकेट शंभर बाइटचं! मोटारसायकल पुलाखालून गेली म्हणून केळीनं भरलेला ट्रक जाईल, असं मी दोन दिवस धरून चाललो. तेव्हापासून माझ्या तपासणीत मोठी पॅकेटंही असतात, आणि बोलण्याच्या पॅकेटांना प्राधान्याची जी खूण असते, ती तपासणीच्या काही पॅकेटांवरही लावतो. खूण वेगळी असेल तर रांग वेगळी लागते, आणि आपण भलत्याच रांगेचा वेळ मोजत बसतो.

मोजलं, आता निवड. इथे खरी गंमत आहे. कन्नड घाट तुंबला की चाळीसगावचे ड्रायव्हर एकमेकांना फोन करून नांदगावच्या बाजूनं वळतात. सगळेच वळतात. तासाभरात ती वाट तुंबते आणि घाट मोकळा होतो. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाचं हेच झालं. 1979 मध्ये तिथे प्रत्येक लिंकवरचा प्रत्यक्ष उशीर मोजून, दहा दहा सेकंदांची सरासरी काढून मार्ग निवडायला सुरुवात झाली. वर्दळ कमी तोवर उत्तम चाललं. वर्दळ वाढल्यावर सगळी वाहतूक झोका घ्यायला लागली. रिकामी लिंक दिसली की सगळे तिकडे, ती भरली की सगळे परत. शेवटी 1987 मध्ये मापच बदललं. लिंकची किंमत एका दमात किती चढू-उतरू द्यायची, यालाच मर्यादा घातली. मोजमाप खोटं नव्हतं. पण ते ऐकून सगळे हलले, आणि हलल्याबरोबर ते शिळं झालं.

म्हणून मी सोडायचा उंबरा आणि परतायचा उंबरा वेगळा ठेवतो. लॉस दोन टक्क्यांवर गेला की फायबर सोड. परत यायचं तर अर्ध्या टक्क्याखाली, आणि तेही सलग दहा मिनिटं टिकलं तरच. शिवाय सगळं एकदम हलवायचं नाही. आधी फोनची पॅकेटं, मग काउंटरची, बॅकअप सगळ्यात शेवटी. हे आकडे माझ्या शाखांचे आहेत, पोथीतले नाहीत. मे महिन्यात ते मी बदलतो, कारण पत्र्याच्या पेटीतला राउटर दुपारी दोन वाजता तापतो आणि त्याची मोजणीच अडखळते. तिथे दोष लाइनचा नसून पत्र्याचा असतो.

(शेवटी श्रोत्यांमधून प्रश्न आला: ‘मोबाइलवर स्पीडटेस्ट करतो, ती खरी का?’)

खरी, पण ती बहुतेक वेळा जवळचा सर्व्हर निवडते. तुमचं काम ज्या सर्व्हरशी आहे, त्याची वाट तिला माहीत नसते. घरी एक करून बघा, अण्णा. रात्री आठ ते दहाच्या मधे कॉम्प्युटरवर पिंग चालू ठेवा आणि आकडे बघत राहा. मग त्याच वेळी एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. वीस मिलिसेकंदांचे पाचशे-सहाशे झाले, तर लाइन चांगली असून तुमच्या राउटरच्या डब्यात रांग साचतेय. फक्त घरात कोणी परीक्षेचा फॉर्म भरत बसलं नाही ना, ते आधी विचारून घ्या.