सांगलीत ऊन पडलंय, तरी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा पाणीपातळीचा आकडा का बघायचा?

(कॅमेऱ्यासमोर)

नमस्कार मंडळी. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, अशी बातमी आली की आपल्याकडं हमखास कोणीतरी म्हणतं, "ते तिकडं ओडिशात, आपल्याला काय त्याचं?" आज त्याचंच उत्तर देतो, कारण येणारे चार दिवस काय बघत राहायचं हे त्यावरच ठरतं.

ते क्षेत्र सांगलीवर येत नाही. ते ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असं सरकतं आणि सरकताना अरबी समुद्रावरचं बाष्प जोरानं ओढून घेतं. ते वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात आणि घाटमाथ्यावर मोकळे होतात. क्षेत्र भरभर पुढं गेलं तर दीड-दोन दिवसांत जोर ओसरतो. रेंगाळलं, की महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला पाऊस थांबायचं नाव घेत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आधीच नद्या फुगलेल्या असताना उपसागरात असंच तीव्र क्षेत्र तयार झालं होतं. आणि 23 जुलै 2021 च्या सकाळी महाबळेश्वरला 24 तासांची नोंद होती 594 मिलिमीटर! हवामान खातं 204 च्या पुढं गेलं की 'अत्यंत मुसळधार' म्हणतं. आपल्या सांगली शहरात अख्ख्या वर्षात साधारण त्या 594 एवढाच पाऊस पडतो.

म्हणून सांगलीचं आभाळ बघून पुराचा अंदाज करू नका. इथं ऊन पडलेलं असतानाही नदी वाढते.

(स्क्रीनवर नकाशा: कोयना, कराड, सांगली, हरिपूर)

आता पाणी येतं कुठून ते बघू. कोयना आणि कृष्णा कराडला प्रीतिसंगमावर भेटतात. तिथून पाणी बहे, ताकारी, भिलवडी करत आयर्विन पुलापाशी येतं. आणि जरा खाली, हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणा भरून वाहत असेल तर कृष्णेला पुढं जायला वाट मिळत नाही, पाणी मागं तुंबतं. म्हणून वारणेवरच्या चांदोली धरणाकडचा पाऊसही बघायचा. बरेच जण कोयनेचे दरवाजे तेवढे बघतात आणि वारणा विसरतात.

कोयनेचं गणित सोपं आहे. धरणाची क्षमता 105.25 टीएमसी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. 24 तास सलग साडेअकरा हजार क्यूसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी आलं की एक टीएमसी होतं. समजा साठा 85 आहे आणि आवक एक लाख क्यूसेक. म्हणजे दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर, म्हणजे उरलेली वीस टीएमसीची जागा जेमतेम सव्वादोन दिवसांची. त्यामुळं धरण भरायच्या आधीच पाणी सोडायला लागलं तर चिडू नका. आधी थोडं सोडलेलं बरं, शेवटी एकदम सोडायची वेळ आली तर आपले हाल होतात. पण दरवाजे बंद आहेत म्हणून निवांतही बसू नका. धरणांच्या खाली पडलेला पाऊस कुठलंच धरण अडवत नाही, तो थेट नदीत येतो.

(आयर्विन पुलाच्या मोजपट्टीचं दृश्य)

आता आपला आकडा. आयर्विनला इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2005 ला पाणी 53 च्या वर गेलं, 2021 ला 54 च्या वर, 2019 ला तर 57 च्याही वर. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड इथल्या लोकांना 40 ची वाट बघून चालत नाही. सखल घरांत त्याआधीच पाणी शिरतं. तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं तेव्हा आयर्विनला किती फूट असतं, हा एक आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. नव्यानं भाड्यानं आला असाल तर शेजारच्या आजींना विचारा, त्या बरोबर सांगतील.

दुसरं, नुसती पातळी बघू नका, वाढीचा वेग बघा. आत्ता 34 फूट आहे आणि तासाला चार इंच वाढतंय, तर 40 ला पोचायला 18 तास. तासाला आठ इंच झालं की नऊच तास, म्हणजे संध्याकाळी जेवायच्या वेळेला 34 असलेलं पाणी पहाटे 40 वर. झोपायच्या आधी हा हिशेब करायचाच. भिलवडीला वाढ चालू असेल तर आयर्विनची वाढ थांबलीय असं समजू नका. फक्त दोन पुलांचे फूट एकमेकांशी ताडू नका, प्रत्येक पुलाची मोजपट्टी वेगळी आहे.

आकडे पाटबंधारे विभागाच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या पत्रकातलेच घ्या. ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोवर तारीख आणि वेळ नसेल तर तो पुढं पाठवू नका. जुना पुराचा व्हिडिओ बघून लोक अर्ध्या रात्री लहान पोरं घेऊन रस्त्यावर येतात, हे बरोबर नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077, सेव्ह करून ठेवा.

आणि एक कळकळीनं सांगतो. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटली आणि आपली माणसं गेली. बोटीची गरज पडायच्या आधीच रस्त्यानं बाहेर पडा. म्हातारी माणसं, बाळंतीण, डायलिसिसवाले पेशंट यांना सगळ्यात आधी हलवा. जनावरं दिवसाउजेडी सोडवून उंचावर न्या. रात्री पाण्यातून म्हैस चालत नाही. गोठ्यात दावणीला बांधून जाऊ नका.

गल्लीचं नाव आणि तुमच्याकडं पाणी आलं तेव्हाचा आयर्विनचा आकडा कमेंटमध्ये लिहा, 2019 चा किंवा 2021 चा. सगळे एकत्र करून गल्लीवार यादी उद्या सकाळच्या व्हिडिओत दाखवतो.