मोहरीएवढा शंख आणि त्याचं नाव

(बेळगावातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आजचा विषय समुद्राच्या तळाचा, तिथल्या एका बारक्या शंखाला नवी प्रजाती म्हणून नाव देण्याचा, आणि आपण बसलोय घाटमाथ्यावर, साडेसातशे मीटर उंचीवर. इथं समुद्र येतो तो बर्फाच्या पेटीतून, वेंगुर्ल्याहून नाहीतर गोव्याहून. पण मी खानापूर तालुक्यातली. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला पोचते. त्याच तालुक्यात जन्मलेली म्हादई पश्चिमेला वळून अरबी समुद्रात उतरते. आमच्या एका तालुक्याचा पाऊस दोन समुद्रांना जातो. जाताना खडकातलं कॅल्शियम विरघळवून नेतो, आणि नद्यांनी आणलेल्या याच कॅल्शियममधून समुद्रातली गोगलगाय आपला शंख बांधते. त्यामुळे हा विषय मला कधी लांबचा वाटला नाही.

गोगलगायीला आपण गाय म्हणतो. आपले कन्नड शेजारी तिला बसवनहुळू म्हणतात, म्हणजे बसवाचा किडा, आणि बसव म्हणजे नंदी. एकाच प्राण्याला दोन्ही भाषांनी गोठ्यातलं नाव दिलं! डोक्यावरची ती दोन शिंगं दोघांनीही पाहिली असणार. कुणीतरी कधीतरी पावसात उकिडवं बसून तिच्याकडे नीट बघितलं, तेव्हा ही नावं झाली. नवी प्रजाती ठरवताना आम्हीही तेच करतो, नीट बघतो. फक्त त्या बघण्याला वर्षं लागतात.

मी ज्या शंखावर काम करतेय तो अरबी समुद्राच्या उतारावरून, काहीशे मीटर खोलीवरून उपसलेल्या गाळात आला. दोनशे मीटरच्या खाली उजेड संपत जातो. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. वर येतो तो राखाडी, गुळगुळीत चिखल. तो अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर हलक्या पाण्याने धुवायचा, उरेल ते वाळवायचं आणि चमचा-चमचा सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचं. मग निवडायला बसायचं. आमच्या घरी भात व्हायचा. आई सुपात तांदूळ घेऊन ओटीवर बसायची, बोलणं आमच्याशी चालू आणि बोट बरोबर खड्यावर. माझ्या हातात सूप नाही, सगळ्यात बारीक नंबरचा ओला ब्रश आहे, पण काम निवडण्याचंच. चिमटा लावला तर शंख फुटतो. ब्रशाचं ओलं टोक नुसतं टेकवायचं, शंख आपोआप चिकटून येतो.

हा शंख सव्वादोन मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा. लोकांना वाटतं शंख म्हणजे देव्हाऱ्यातला, हातात मावेल न मावेल असा. खरं तर समुद्रातली विविधता बारक्यांमध्ये आहे. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवर २९५ चौरस किलोमीटरच्या एका पट्ट्यात शास्त्रज्ञांनी नेटाने शोध घेतला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात मृदुकाय प्राण्यांच्या, म्हणजे शंख-शिंपल्यांच्या कुळातल्या २,७३८ प्रजाती मोजल्या गेल्या. त्यातल्या पाचातल्या एका प्रजातीचा फक्त एकेकच नमुना हाती लागला होता. म्हणजे एवढं शोधूनही जी एकदाच भेटली, अशा शेकडो.

आता शंखाच्या टोकाकडे या. गोगलगाय जुना शंख टाकून नवा घेत नाही, त्यालाच पुढं वेढे जोडत जाते. त्यामुळे टोकाचे पहिले वेढे तिच्या बाळपणाचे असतात आणि ते जन्मभर तिथंच राहतात. याला प्रोटोकाँच म्हणतात. ते वेढे बारीक आणि बरेच असतील तर पिल्लू पाण्यात तरंगत, खात-पीत दूरवर फिरलेलं असतं. एक-दीडच वेढा आणि तोही फुगीर असेल, तर बहुधा अंड्यातल्या बलकावरच वाढून ते जवळपास कुठंतरी तळाला लागलेलं असतं. एका टाचणीच्या टोकावर मावेल एवढ्या भागावरून ही प्रजाती किती लांब पसरू शकते, याचा अंदाज बांधता येतो. माझ्या शंखाला सव्वा वेढा आहे. पहिल्यांदा तो मोजला तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले होते. ज्याला दूर जाताच येत नाही, त्याचं घर मोडलं तर तो दुसरीकडे कुठं असेल?

वेढे मोजून नवेपण सिद्ध होत नाही. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब १७५८ सालापासून, ही नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या काळापासून धरतात, आणि नियम असा की आधी छापलेलं नाव खरं. म्हणून जुनं सगळं वाचावं लागतं. समुद्राच्या अभ्यासासाठी निघालेल्या चॅलेंजर जहाजाची १८७२ ते १८७६ची सफर, त्यानंतर आपल्याच समुद्रात गाळ उपसणारं इन्व्हेस्टिगेटर जहाज, त्यातल्या शंखांची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची वर्णनं आणि हाताने काढलेली चित्रं. मग मूळ नमुने जिथं असतील तिथं जाऊन ते डोळ्यांनी बघायचे. एका गावाला दोन भाषांतून दोन नावं असली तरी चिठ्ठी पोचते, हे आपण इथं रोज बघतो. शास्त्रात मात्र एका प्रजातीला दुसरं नाव पडलं की पुढच्या प्रत्येकाची मोजणी चुकते. नमुना हाती आल्यापासून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२च्या एका अभ्यासात दिसलं.

एवढ्या वर्षांत नमुना टिकला पाहिजे, आणि हे माझं जुनं दुखणं आहे. एका संग्रहात मी एक बाटली मागितली होती. चिठ्ठी सुवाच्य, झाकण घट्ट, आणि आत एकही शंख नाही. कुणीतरी तो नमुना फॉर्मलिनमध्ये ठेवून दिला होता. फॉर्मलिन हळूहळू आम्ल होतं आणि चुन्याचा बारका शंख पार खाऊन टाकतं. तळाशी मऊ, आकार नसलेले दोन ठिपके होते. समुद्राच्या तळावरून वर आणलेली वस्तू कपाटात विरघळली. तेव्हापासून जिथं जाईन तिथं मी आधी बाटलीत काय भरलंय ते विचारते.

नवी प्रजाती जाहीर करताना एक नमुना होलोटाइप म्हणून निवडावा लागतो आणि तो कुठं ठेवलाय ते लिहावं लागतं. नाव त्या एका शंखाला बांधलेलं असतं. उद्या वाद झाला तर निकाल माझ्या शब्दांवर लागत नाही, तो शंख काढून बघतात. वर्णन कुठल्या भाषेत असावं याची मात्र सक्ती नाही. मराठीत लिहिलं तरी नियमात बसतं, नाव तेवढं रोमन लिपीत हवं. जगभर वाचता यावं म्हणून आम्ही इंग्रजीत लिहितो. नावाचं व्याकरण आपल्याला जड जात नाही. काळा दगड, काळी माती, काळं पाणी, तसंच तिथंही. शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं, आणि दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याचं लिंग पहिल्या शब्दाशी जुळवावं लागतं. मराठी नाम ठेवलं तर ते जसंच्या तसं राहतं.

नाव असण्याने काय होतं, तर हिंदी महासागराच्या तळाशी गरम पाण्याच्या झऱ्यांवर एक गोगलगाय राहते, तिच्या पायावर लोहयुक्त खवले असतात. ती २००१ साली सापडली. क्रायसोमॅलॉन स्क्वॅमिफेरम या नावाने तिचं रीतसर वर्णन २०१५ साली झालं. आणि २०१९ साली ती धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत गेली, खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे यादीत गेलेली पहिली प्रजाती. नाव नसतं तर यादीत काय लिहिलं असतं? मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळावर धातूंच्या गोळ्यांचा शोध घ्यायचा करार भारताकडे आहे. देशाला धातू लागतात हे मला कळतं. पण यंत्र उतरण्याआधी तिथं कोण राहतं याची नोंद व्हायला हवी, आणि ती करणारे हात फार थोडे आहेत. या सभागृहातल्या एखाद्या मुलीला निवडण्याचा कंटाळा येत नसेल, तर तिने मला जरूर भेटावं.

माझ्या शंखाचं नाव काय, असं मघाशी दाराशी एका काकांनी विचारलं. नाव ठरलंय, पण आज सांगत नाही. भाषणात उच्चारलेलं नाव धरलं जात नाही, ते वर्णनासह प्रसिद्ध व्हावं लागतं. आधीच बाहेर पडलं आणि अर्धवट माहितीसह कुठं छापलं गेलं, तर मागाहून निस्तरत बसावं लागतं.

मागच्या टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक मांडलेत. खाली वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची चमचाभर वाळू आहे, तिच्यात शंख आहेत. मुलांना आधी जाऊ द्या. ब्रश ओला करून घ्या, आणि दाबू नका.