वेला पल्सर मधेच जोरात का फिरायला लागतो?

आपल्यापासून साधारण 1000 प्रकाशवर्षं लांब एक मोठा तारा फुटला, त्याचा उरलेला गाभा म्हणजे हा वेला पल्सर. रुंदी जेमतेम 20-25 किलोमीटर, वजन मात्र सूर्यापेक्षा जास्त, आणि एवढं धूड सेकंदाला 11 गिरक्या घेतं! दर गिरकीला त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो आणि दुर्बिणीत एक ठोका पडतो, 89 मिलिसेकंदाला एक.

हा तारा मंदावतोय, पण किती, तर एका गिरकीला आजच्यापेक्षा उद्या जवळपास 11 नॅनोसेकंद जास्त लागणार, बस. आणि मग दर दोन-तीन वर्षांनी कधीतरी अचानक त्याचा वेग वाढतो, यालाच ग्लिच म्हणतात.

1969 मध्ये हे पहिल्यांदा दिसलं. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीवर तेव्हा आपले व्ही. राधाकृष्णन होते, सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव, आणि सोबत रिचर्ड मँचेस्टर. गिरकीचा वेळ 200 नॅनोसेकंदांनी घटला होता, म्हणजे अडीच-तीन आठवड्यांची मंदी एका फटक्यात भरून निघाली. तिकडे अमेरिकेत गोल्डस्टोनच्या रेडिओ दुर्बिणीवरच्या टीमलाही हेच दिसलं.

बाहेरून कुणी ढकललं नाही, मग जोर आला कुठून? आतून. वरचं कवच घट्ट आहे, पण त्याच्या आत न्यूट्रॉनचा असा द्रव आहे ज्याला घर्षणच नाही, आणि तो फिरतो ते असंख्य बारीक भोवऱ्यांच्या रूपात, हे भोवरे कवचातल्या अणुकेंद्रांना अडकून बसतात, त्यामुळे कवच मंदावत जातं आणि आतला द्रव मात्र जुन्याच वेगात राहतो, फरक साठत जातो, साठत जातो, आणि एक दिवस ढीगभर भोवरे एकदम सुटतात नि आतला वेग कवचाला मिळतो. अँडरसन आणि इतोह यांनी 1975 मध्ये मांडलेली ही कल्पना, आणि मला तरी आजही तीच सगळ्यात पटते.

पण खरी कमाल झाली 12 डिसेंबर 2016 ला. टास्मानियात होबार्टजवळ 26 मीटरची डिश वेलाकडे रोखलेली असतानाच ग्लिच झाला, एकेक ठोका रेकॉर्ड होत होता! आधी एक ठोका नेहमीपेक्षा पसरट आला, पुढचा आलाच नाही. नंतर 2019 मध्ये हाच डेटा परत तपासला तर वेगवाढ 13 सेकंदांच्या आत उरकली होती, आणि त्याच्या अगदी आधी तारा किंचित मंदावल्यासारखाही दिसत होता.

ग्लिच सांगून येत नाही, त्यामुळे पाळत ठेवावीच लागते. आपल्याकडे उटीची रेडिओ दुर्बीण आणि नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण, या दोन्हींवरून तरुण पल्सरचे ठोके असेच परत परत तपासले जातात.