पायरी सांगून आली पाहिजे

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. शब्दांकन करताना किरकोळ काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव ‘जुन्या घरांचं नूतनीकरण : प्रवेश आणि जिना’ असं छापलंय. ते भारदस्त नाव संयोजकांचं. मी फोनवर एवढंच म्हणाले होते, की मला जिन्याबद्दल बोलायचंय आणि मधे कोणी थांबवू नका. त्यांनी पन्नास मिनिटं दिली आहेत. बघू.

आधी एक प्रश्न. पर्वतीला पायऱ्या किती? बघा, अख्खं सभागृह एका सुरात ‘१०३’. आता ज्यांच्या घरात जिना आहे त्यांनी सांगा, तुमच्या जिन्याला किती? सामसूम. तिसऱ्या रांगेतले काका डोळे मिटून मनातल्या मनात चढताहेत. काका, राहू द्या, घरी जाऊन मोजा. पण ही सामसूम मला आवडते. घरचा जिना पायांना पाठ असतो, डोक्याला नसतो. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उतरताना तुम्ही दिवासुद्धा लावत नाही. आणि नूतनीकरणात आम्ही वास्तुविशारद, तुमचा कंत्राटदार आणि तुमचा फरशीवाला मिळून त्या पाठांतराचं काय करतो, हे मला सांगायचंय. त्यासाठी माझ्या आत्याकडे जावं लागेल.

आमचा वाडा नारायण पेठेत. वाडा म्हणायचं इतकंच. एक चौक, चौकात हौद, चार बिऱ्हाडं. वर जायचा जिना भिंतीच्या पोटात. असा जिना पाहिला नसेल त्या तरुण मंडळींसाठी सांगते. वाड्याचं माप खणात असतं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट. आमचा अख्खा जिना एका खणात बसवलेला. दहा पायऱ्या, प्रत्येक अकरा इंच उंच आणि टेकायला जागा सात इंच. म्हणजे पाऊल आडवं ठेवायचं नाहीतर टाच हवेत. उजेड नाही. वर तोंडाशी लाकडी झडप, रात्री ती टाकून वर बसलं की चोराची बिशाद नाही. आणि आढ्याला बांधलेला एक दोर, मधे मधे गाठी मारलेला. एका हातात दोर, दुसऱ्या हातात कळशी.

या जिन्यावरून आत्या आयुष्यभर चढली-उतरली. तिचं लग्न झालं नाही, शाळेत शिकवायची, माडीवरची मागची खोली तिची. पानशेत फुटलं त्या दिवशी, १२ जुलै १९६१ ला, तांदळाचा डबा, देव आणि शेजारच्यांचं तान्हं पोर या क्रमानं तिनं वर नेलं असं घरात सांगतात. क्रमाबद्दल ती अजून वाद घालते. पाणी सातव्या पायरीपर्यंत आलं. आमच्याकडे पुराचं माप फुटांत कोणी सांगत नाही, ‘सातवी बुडाली’ असंच म्हणतात. मागची भिंत गेली, जिना राहिला. इतक्या वर्षांत त्या जिन्यावरून आत्या एकदाही पडली नाही. हे लक्षात ठेवा.

सहा-सात वर्षांपूर्वी चुलतभाऊ बँकेतून निवृत्त झाला, हातात पैसे आले आणि वाडा पाडायचा नाही, नीट करायचा असं ठरलं. याबद्दल त्याला मानलं पाहिजे, कारण आमच्या गल्लीत तोवर चारी बाजूंना इमारती झाल्या होत्या. काम अर्थात माझ्याकडे, फुकट. मी म्हटलं, पहिली गोष्ट म्हणजे हा खुनी जिना काढायचा. आत्या अठ्ठ्याहत्तरची आहे, कधीतरी कपाळमोक्ष होईल. आत्या म्हणाली, ‘माझा होत नाही, तुम्हा पाहुण्यांचा होतो.’ तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

नवा जिना मी चौकाच्या कडेनं घेतला. खालच्या शहाबादी फरशीपासून माडीच्या तख्तपोशीपर्यंत, म्हणजे वरच्या फळ्यांच्या जमिनीपर्यंत, उंची ११० इंच. तिचे सोळा भाग केले, एकेक पावणेसात इंचांहून जरा जास्त. टेकायला साडेदहा इंच. याला एक जुनं गणित आहे. सतराव्या शतकात फ्रान्स्वा ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुकारानं ते मांडलं. दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका ढांगेएवढी हवी. त्याच्या हिशेबात चोवीस फ्रेंच इंच, म्हणजे आपले ६५ सेंटिमीटर. आपण ६० ते ६५ च्या मधे कुठेही असलो की पाय कुरकुरत नाही. माझी बेरीज ६१.६ आली. आपली राष्ट्रीय बांधकाम संहिता घरातल्या जिन्याला १९० मिलिमीटरपर्यंत उंची चालवून घेते आणि रुंदी किमान २५० मागते, मी दोन्हीकडून पास. लोखंडी चॅनेल, त्यावर सागवानी फळ्या, वरून उजेड, तीन फुटी कठडा. फोटो काढण्यासारखा जिना. काढलेही.

मिस्त्री तेवढा अडून बसला. ‘मॅडम, सोळा? विषम पाहिजे.’ मी त्याला हसले. नंतर विचार केला तेव्हा त्यात एक गंमत दिसली. पायऱ्या विषम असल्या की उजवा पाय पहिला टाकला तर वरही उजवाच पोचतो. शुभ-अशुभ बाजूला ठेवा, पण ज्यानं हा नियम काढला त्यानं जिन्याकडे पायांच्या बाजूनं पाहिलं होतं. मी कागदाच्या बाजूनं पाहत होते.

जिना लागल्यावर आठव्या दिवशी आत्या पडली. चढताना, शेवटच्या पायरीवर, सकाळी साडेदहाच्या लख्ख उजेडात. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मी भेटायला गेले तर म्हणाली, ‘अंधारात साठ वर्षं चढले. उजेडात पडले.’ गल्लीचं एकमत झालं, की सोळा पायऱ्यांमुळे.

कारण काय होतं? जिना बसल्यावर वरची तख्तपोशी भावाला कुरकुरायला लागल्यासारखी वाटली. फरशीवाल्यानं सांगितलं, त्यावरच माल टाकून टाइल बसवू, दोन दिवसांचं काम. मी गावाला गेले होते. माल अधिक टाइल मिळून दोन इंच. म्हणजे पंधरा पायऱ्या पावणेसात इंचांच्या आणि सोळावी जवळजवळ नऊ. फरशीवाल्याला मी पुष्कळ बोलले, भावालाही. पण खरं सांगायचं तर नकाशावर ‘तयार फरशीची पातळी’ असा एक शब्द लिहायचा असतो, तो मी लिहिला नव्हता. घरचंच काम, कोण लिहितंय?

नऊ इंच म्हणजे काही फार नाही ना? जुन्या जिन्याला तर अकरा होते! इथेच सगळी मेख आहे. पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत माप शिकतो आणि मग कंजूष होतो. पुढच्या पायरीच्या कडेवरून तो जेमतेम बोटभर वर जातो, लागेल तेवढाच. अकरा इंचांच्या दहा पायऱ्या पायाला चालतात. पंधरा शहाण्या आणि एक आगाऊ, हे चालत नाही. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत तीन अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक मान्य नाही. मी दोन इंच दिले होते.

दुरुस्ती ऐका, कारण ती तुमच्यापैकी कोणाला तरी लागणार आहे. वरची फरशी भाऊ काढू देईना. नवी उंची ११२ इंच, भागिले सोळा, बरोबर सात. मग सुतारानं सगळ्या फळ्या सोडवल्या आणि खाली पट्ट्या घातल्या. पहिलीखाली एक अष्टमांश इंच, दुसरीखाली दोन अष्टमांश, असं करत पंधरावीखाली पंधरा अष्टमांश. दोन दिवस लागले. जिना लोखंडी होता म्हणून जमलं. काँक्रीटचा असता तर फोडायलाच लागला असता.

आणि आत्यानं दोर मागितला. मी म्हटलं, अगं कठडा आहे ना. ती म्हणाली, ‘कठडा बाजूला असतो, दोर समोर असतो.’ मी छताला कडी ठोकून दिली. सागवान, लोखंड, काच आणि मधे लोंबणारा सुंभाचा दोर. फोटोत तो येणार नाही असा कोन मला अजून सापडलेला नाही.

चिठ्ठी आली. ‘वीस मिनिटे, कृपया प्रवेशाबद्दल.’ येते, येते.

फक्त एक आडवाट. प्रभात रोड, भांडारकर रोडवरचे जुने बंगले आठवा. पुष्कळांना जिना बाहेरून आहे, बाजूच्या भिंतीला लागून. लोक मला विचारतात, ही काय शैली? शैली कसली, भाडेकरू! वरचा मजला भाड्यानं द्यायचा, तर त्यांची वर्दळ आपल्या ओसरीतून कशाला? पुढे १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला, भाडी गोठली, आणि कित्येक ठिकाणी मालक-भाडेकरूंचं बोलणंही गोठलं. तीस-तीस वर्षं एकाच छपराखाली राहून एकमेकांचा फक्त जिन्यावरचा आवाज ओळखणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. आता वरचा मजला मोकळा होतो, मालकाचा मुलगा तो खालच्याला जोडायला निघतो आणि पहिलं वाक्य येतं, ‘मॅडम, बाहेरचा जिना पाडून टाकू, हॉलमधून मस्त गोल जिना घेऊ.’ पाडू नका हो. उद्या म्हातारपणी वर कोणाला ठेवायचं झालं तर तोच जिना लागणार आहे.

बरं, प्रवेश. घाईघाईनं सांगते.

आत्याच्या सोळाव्या पायरीचं जे, तेच तुमच्या दाराचं. जुना उंबरठा वीतभर उंच असायचा. त्याला कोणी ठेचकाळत नसे, कारण तो दिसायचा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातली दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, बघा, मान वाकवावी लागते, पाय उचलावा लागतो. आत जाणारा माणूस आपसूक सावध होतो. आता आम्ही काळ्या ग्रॅनाइटची अर्ध्या इंचाची पट्टी टाकतो आणि तिला उंबरठा म्हणतो. ती नुसती ठेच आहे. फरक ठेवायचा तर डोळ्याला दिसेल एवढा ठेवा, नाहीतर जमीन सपाट करा. मधलं काही नको.

दुसरं. वाड्यात दारानंतर लगेच घर सुरू होत नसे. आधी देवडी, म्हणजे दारालगतची छोटी जागा, मग चौक, मग ओसरी. दिवाणखाना बऱ्याचदा माडीवर आणि त्याचा जिना पुढच्या बाजूलाच, पाहुण्याला माजघर ओलांडावं लागू नये म्हणून. नूतनीकरणात पहिला बळी या मधल्या जागेचा जातो. ‘भिंत काढा, हॉल मोठा दिसेल.’ हॉल चार फुटांनी वाढतो आणि चपला सोफ्यापाशी येतात. पार्सलवाला दारात उभा राहून तुमच्या ताटात काय आहे ते बघतो. माझी हट्टाची मागणी एवढीच, पाच बाय पाच फुटांची देवडी परत द्या. बूट काढायला बसता येईल असं बाकडं, भिजलेली छत्री ठेवायला कोपरा, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड नको, खरबरीत कोटा किंवा शहाबादी घाला. जूनमध्ये आभार मानाल.

तिसरं, जिना कुठून सुरू व्हावा? यावर घराघरात भांडणं होतात. मुलं म्हणतात देवडीतून, आई म्हणते हॉलमधून. ‘किती वाजता आला ते कळलं पाहिजे.’ दोघांचं बरोबर आहे. मी जिना देवडीतून घेते आणि देवडी-हॉलच्या भिंतीला एक जाळी ठेवते, स्वयंपाकघरातून पहिल्या तीन पायऱ्या दिसतील अशी. चेहरा दिसत नाही, पाय दिसतात. आयांना तेवढं पुरतं. मात्र दार जिथे उघडतं तिथे पहिली पायरी येऊ देऊ नका, मधे तीन फूट सपाट जागा हवीच. आणि दिव्याचं बटण खाली एक, वर एक. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

पुन्हा चिठ्ठी. दोन मिनिटं. पायऱ्यांच्या उभ्या फळ्या काढून जिना ‘तरंगता’ करावा का, यावर मला दहा मिनिटं बोलायचं होतं, ते राहिलं. थोडक्यात, घरात लहान मूल किंवा साडी असेल तर नको.

श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांपैकी एकच घेते, सगळ्यांना हवी असणार. ‘जिन्याखाली संडास करता येईल का?’ वास्तुशास्त्राचं उत्तर माझ्याकडे नाही, टेपचं आहे. मजल्याची उंची दहा फूट धरा, मधे वळणारा जिना. मधलं लँडिंग येतं पाच फुटांवर, त्यातून सहा इंच स्लॅबचे गेले. उरले साडेचार. बसायला काहीच अडचण नाही. उठताना आहे. करायचाच असेल तर लँडिंगखाली नको, जिना जिथे वर संपतो त्या शेवटच्या तीन-चार पायऱ्यांखाली करा, तिथे सात फूट मिळतात. आणि दार बाहेर उघडणारं घ्या, आत कोणी पडलं तर निदान उघडता तरी येईल.