फितुरीचा भाव

श्रोतेहो, नमस्कार. घरभेद्याला आपण जसे सूर्याजी पिसाळ म्हणतो, तसे अमेरिकेत बेनेडिक्ट अर्नोल्ड म्हणतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला हा सेनानी भेकड मात्र मुळीच नव्हता. १७७७ मध्ये साराटोगाच्या लढाईत पायाला जबर जखम झाली, तोवर तो आघाडीवर लढत होता. बढतीत डावलले गेल्याचा सल, हिशेबांची चौकशी आणि डोक्यावरचे कर्ज, या त्याच्या तक्रारीही अगदीच निराधार नव्हत्या.

पण १७७९ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियातल्या एका भांडीविक्रेत्यामार्फत त्याने इंग्रजांशी संधान बांधले, आणि त्यानंतरच्या पत्रांत तक्रारींपेक्षा पैशांचीच बोलणी अधिक आहेत. ठरलेल्या पुस्तकातील पान, ओळ आणि शब्द यांच्या आकड्यांत ही पत्रे लिहिली जात आणि वरवर पाहता ती व्यापाऱ्यांची वाटत. खरे तर तो व्यापारच होता. हडसन नदीवरील वेस्ट पॉइंटचा किल्ला हाती देण्यासाठी त्याने २०,००० पौंड मागितले, आणि त्यासाठी १७८० मध्ये त्या किल्ल्याचा ताबा अमेरिकेचे सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडून आग्रहाने मागून घेतला.

सप्टेंबरमध्ये इंग्रज अधिकारी जॉन आंद्रे त्याला रात्री गुप्तपणे भेटला. परतताना, साध्या वेशातल्या आंद्रेला तिघा स्थानिक शिपायांनी अडवले, तेव्हा किल्ल्याचे कागद त्याच्या पायमोज्यांत सापडले. गंमत अशी, की आंद्रेला पकडल्याची वर्दी त्या शिपायांच्या वरच्या अमेरिकी अधिकाऱ्याने शिरस्त्याप्रमाणे खुद्द अर्नोल्डलाच धाडली! ती न्याहारीच्या वेळी पोहोचली आणि वॉशिंग्टन तिथे येण्यापूर्वीच अर्नोल्ड नावेतून इंग्रजांच्या जहाजाकडे निसटला. २ ऑक्टोबरला आंद्रे फासावर गेला. किल्ला हाती न आल्यामुळे अर्नोल्डला खर्चासह ६,३१५ पौंड आणि ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मिळाला.

त्याची तरुण पत्नी पेगी हिने त्या सकाळी वेड लागल्यासारखा असा आकांत केला, की वॉशिंग्टनसह सर्वांना तिची दया आली आणि तिला निर्दोष मानून माहेरी जाऊ दिले गेले. विसाव्या शतकात इंग्रज सेनापती क्लिंटन यांचे जुने कागद अभ्यासकांना खुले झाले, तेव्हा कळले की पत्रव्यवहारात तीही सामील होती, आणि तिच्या कामगिरीबद्दल तिला ३५० पौंड वेगळे मिळाले होते.