कादेना : धावपट्टीखालची शेते

जपानच्या ओकिनावा बेटावरील कादेना गावात, महामार्गालगतच्या विश्रांतीस्थानाच्या चौथ्या मजल्यावर हा सज्जा आहे. कठड्याशी लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन माणसे सकाळपासून उभी असतात, आणि रस्त्यापलीकडे, काटेरी कुंपणाच्या आत, सुमारे 3.7 किलोमीटर लांबीच्या दोन समांतर धावपट्ट्या पसरलेल्या दिसतात. अमेरिकी हवाई दलाचा कादेना तळ तो हाच.

धावपट्टीच्या टोकाशी वळणारे करडे विमान म्हणजे केसी-135 हा उडता टँकर. समुद्रावर दूर जाणाऱ्या लढाऊ विमानांना हा आकाशातच इंधन पुरवतो. शेपटाखाली दिसणारा लांब दांडा उड्डाणात खाली सोडला जातो, आणि विमानाच्या मागच्या भागात पालथा पडून खिडकीतून पाहणारा एक सैनिक तो मागून येणाऱ्या विमानाच्या इंधनमुखात अचूक बसवतो. त्यामागे उभे आहे ते पाठीवर भलीमोठी तबकडी वाहणारे टेहळणी विमान.

आता कॅमेरा किंचित डावीकडे वळला की कुंपणाआतील रुंद हिरवळी आणि ऐसपैस घरे दिसतात. त्यांच्या शेजारी, कुंपणाबाहेर, एकमेकांना खेटलेली छपरे आहेत. कादेना गावाची सुमारे 82 टक्के जमीन लष्करी तळांखाली आहे आणि उरलेल्या जागेत सुमारे 13 हजार माणसे राहतात.

हे गाव उसाचे होते. येथे साखर कारखाना होता आणि 1922 साली ओकिनावाची राजधानी नाहा येथून येथपर्यंत छोटी रेल्वेही आली होती. 1944 मध्ये जपानी सैन्याने येथील शेतजमिनीवर विमानतळ बांधला. 1 एप्रिल 1945 रोजी अमेरिकी फौजा जवळच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि त्याच दिवशी तो त्यांच्या हाती पडला. युद्धातून वाचलेली माणसे छावण्यांत असताना धावपट्टी वाढत गेली, आणि ती माणसे परतली तेव्हा अनेकांची घरे, शेते व पूर्वजांची थडगी कुंपणाआड गेलेली होती. युद्धानंतर अमेरिकी अमलाखाली असलेला ओकिनावा 1972 मध्ये जपानकडे परत आला, तळ मात्र राहिला. खाजगी मालकांना जमिनीचे भाडे तेव्हापासून जपान सरकार देते. रताळ्याचे बेणे 1605 मध्ये चीनहून आणून या बेटाला दुष्काळात तगवणारे नोगुनी सोकान याच भूमीतले, आणि त्यांचे थडगेही आज तळाच्या हद्दीत आहे.

तळाच्या वापरात नसलेल्या तुकड्यांवर शेती करू दिली जाते. या जमिनींना स्थानिक लोक ‘मोकुनिन कोची’ म्हणतात, म्हणजे मूकसंमतीची शेते. पडद्यावर दिसणारा ऊस अशाच एका तुकड्यातला आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या मातीत संमतीने पाऊल टाकावे लागणे म्हणजे काय, हे त्या बांधावर उभे राहिल्यावरच उमजते.

1959 मध्ये येथील एक लढाऊ विमान याच बेटावरील इशिकावा येथील शाळेवर कोसळून मुलांसह 18 जणांचा बळी गेला, 1968 मध्ये बी-52 बॉम्बफेकी विमान उड्डाण करतानाच जळाले, आणि आवाजाविरुद्ध रहिवाशांचे खटले 1982 पासून चालू आहेत.

रात्री 10 ते सकाळी 6 उड्डाणे मर्यादित ठेवण्याचे 1996 मध्ये ठरले, परंतु लष्करी गरजेचा अपवाद ठेवून. यापुढील एक मिनिट निवेदन थांबेल. ऐकू येईल तो केवळ धावपट्टीचा आवाज.